पाऊण घात आणि दरडोईचा हिशेब : जेफ्री वेस्ट यांच्या संशोधनाचा परिचय

दरडोई उत्पन्न, दरडोई पाणी, दर किलो वजनाला अमुक मिलिग्रॅम औषध हे शब्दप्रयोग आपण नेहमी वाचतो. एकूण आकड्याला लोकसंख्येने किंवा वजनाने भागले की तुलना झाली, असे आपण मानतो. भागाकार सोपा असल्यामुळे त्यामागचे गृहीतक सहसा कोणी तपासत नाही. ते गृहीतक असे : वस्तू दुप्पट झाली की तिची गरजही नेमकी दुप्पट होते आणि तिच्यापासून मिळणारे फळही नेमके दुप्पट होते. शरीर आणि शहर या दोन्हींच्या बाबतीत हे गृहीतक बहुधा खरे नसते. किती खरे नसते, हे आकड्यांत मांडण्याचा प्रयत्न ज्या अभ्यासकांनी केला, त्यांत सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ जेफ्री वेस्ट यांचे नाव महत्त्वाचे आहे. प्रस्तुत लेखात त्यांच्या कार्याचा परिचय करून देताना हाच धागा धरला आहे.

गृहीतक चुकले की काय होते, याचे एक उदाहरण वेस्ट यांनी आपल्या ‘स्केल’ (२०१७) या पुस्तकात चर्चिले आहे. १९६२ साली अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटी येथे टस्को नावाच्या हत्तीला संशोधकांनी एलएसडी हे द्रव्य टोचले. मांजराला जी मात्रा सोसते तिला हत्तीच्या वजनाने गुणून २९७ मिलिग्रॅम ही मात्रा ठरवण्यात आली होती. हत्ती काही मिनिटांत कोसळला आणि दोन तासांच्या आत मेला. नंतर दिलेल्या इतर औषधांचाही त्याच्या मृत्यूत वाटा असावा असे काही अभ्यासकांचे मत आहे. पण मात्रा ठरवण्याची रीत चुकली होती, याविषयी फारसे दुमत नाही. वजन हजारपट म्हणून मात्राही हजारपट, हा तो हिशेब होता. शरीर ज्या नियमाने ऊर्जा वापरते त्या नियमाने मोजले असते, तर ती सुमारे १७८ पट भरली असती.

१. प्रश्नाची जुनी परंपरा

आकार बदलला की वस्तूचे गुणधर्म त्याच प्रमाणात बदलत नाहीत, हे गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात दाखवले होते. प्राण्याची लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी दुप्पट केली तर वजन आठपट होते. पण हाडाची ताकद त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असल्यामुळे ती चारपटच वाढते. म्हणून हत्तीचे पाय हरणाच्या पायांची नुसती मोठी आवृत्ती असू शकत नाहीत. ते प्रमाणापेक्षा जाड असावे लागतात. हाच विषय जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६ च्या एका प्रसिद्ध निबंधात सर्वसामान्य वाचकांसाठी मांडला. हाल्डेन पुढे भारतात स्थायिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे निवर्तले.

शरीर किती ऊर्जा खर्च करते हा प्रश्न मात्र हाडांच्या प्रश्नापेक्षा अवघड निघाला. १८८३ साली जर्मन शास्त्रज्ञ माक्स रूब्नर यांनी लहानमोठ्या कुत्र्यांवर मोजमापे केली. शरीर त्वचेतून उष्णता गमावते, म्हणून ऊर्जेचा खर्च त्वचेच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असावा, म्हणजेच वजनाच्या दोन-तृतीयांश घाताच्या प्रमाणात असावा, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९३२ साली मूळचे स्वित्झर्लंडचे आणि कॅलिफोर्नियात डेव्हिस येथे काम करणारे मॅक्स क्लायबर यांनी पक्ष्यांपासून बैलापर्यंतचे आकडे एकत्र मांडले. त्यांना घातांक दोन-तृतीयांश नव्हे, तर तीन-चतुर्थांशाच्या जवळ आढळला. हाच पुढे ‘क्लायबरचा नियम’ म्हणून ओळखला जाऊ लागला. मराठीत त्याला ‘पाऊण घाताचा नियम’ म्हणता येईल.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी पाठ करून घेत. पाउणकी म्हणजे पाऊणने गुणणे. पाऊण घात म्हणजे ते नव्हे. पाऊण घात काढण्याची सोपी रीत अशी : संख्येचे वर्गमूळ काढावे, आलेल्या उत्तराचे पुन्हा वर्गमूळ काढावे आणि मग त्याचा घन करावा. १६ चे वर्गमूळ ४, त्याचे वर्गमूळ २ आणि त्याचा घन ८. म्हणजे वजन सोळापट असेल तर ऊर्जेची गरज आठपट. १०,००० साठी हीच रीत १००, १० आणि १,००० अशी जाते. २५ ग्रॅमचा उंदीर आणि २५० किलोचे जनावर यांच्या वजनांत दहा हजारपटीचा फरक आहे; पण त्या जनावराला उंदराच्या सुमारे हजारपटच ऊर्जा लागते. मोठ्या प्राण्याच्या एक ग्रॅम मांसाला लहान प्राण्याच्या एक ग्रॅम मांसाच्या मानाने एक-दशांश ऊर्जा पुरते. आकार वाढल्याने होणारी ही काटकसर आहे.

२. कणभौतिकीतून जीवशास्त्राकडे

जेफ्री वेस्ट यांचा जन्म १९४० साली इंग्लंडमधील टाँटन येथे झाला. १९६१ साली केंब्रिजची पदवी आणि १९६६ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन ते मूलकणांच्या भौतिकशास्त्रात स्थिरावले. स्टॅनफर्डमध्ये अध्यापन केल्यानंतर ते न्यू मेक्सिको राज्यातील लॉस अलामॉस राष्ट्रीय प्रयोगशाळेत गेले आणि तेथे त्यांनी उच्च ऊर्जा भौतिकीचा गट उभा केला. पन्नाशी ओलांडेपर्यंत त्यांचे काम याच क्षेत्रातले होते.

टेक्सासमध्ये सुमारे ८७ किलोमीटर परिघाचा एक प्रचंड कणवेगक बांधला जात होता. ऑक्टोबर १९९३ मध्ये अमेरिकी काँग्रेसने तो प्रकल्प रद्द केला. तोपर्यंत त्यावर सुमारे दोन अब्ज डॉलर खर्च झाले होते. विसावे शतक भौतिकशास्त्राचे होते, एकविसावे जीवशास्त्राचे असेल, असे त्या काळात वारंवार म्हटले जाई. जीवशास्त्रात भौतिकशास्त्राप्रमाणे गणिती, भाकीत करू शकणारे नियम असतील काय, असा प्रश्न वेस्ट यांना त्यातून पडला. त्याला एक घरगुती कारणही होते. त्यांच्या घराण्यातील पुरुष अल्पायुषी होते आणि वय वाढू लागल्यावर वार्धक्य व मृत्यू या विषयांकडे त्यांचे लक्ष वळले. माणूस शंभर वर्षांच्या आसपास का जगतो, हजार किंवा दोन वर्षे का नाही, याचे उत्तर शोधताना ते ऊर्जेच्या खर्चापाशी आणि तेथून क्लायबरच्या नियमापाशी आले.

याच सुमारास न्यू मेक्सिको विद्यापीठातील परिस्थितिकीचे अभ्यासक जेम्स ब्राउन आणि त्यांचे विद्यार्थी ब्रायन एनक्विस्ट त्याच नियमाचे कारण शोधत होते. निरनिराळ्या विद्याशाखांच्या अभ्यासकांना एकत्र आणण्यासाठी १९८४ साली स्थापन झालेल्या सांता फे संस्थेत या तिघांची भेट झाली. आठवड्यातून एकदा बसून ते चर्चा करीत. जीवशास्त्रज्ञांना भौतिकीचे गणित आणि भौतिकशास्त्रज्ञाला जीवसृष्टीचे तपशील शिकावे लागले. १९९७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात तिघांचा संयुक्त लेख प्रसिद्ध झाला. वेस्ट पुढे सांता फे संस्थेत दाखल झाले आणि २००५ ते २००९ या काळात तिचे अध्यक्ष होते.

३. छेदात चार कोठून आले?

शरीर तीन मितींचे आहे, म्हणून घातांकाच्या छेदात ३ असणे समजण्यासारखे होते. ४ का? या तिघांचे उत्तर असे की नियमाचे मूळ त्वचेत नसून आतल्या जाळ्यात आहे. प्रत्येक पेशीपर्यंत अन्न आणि प्राणवायू पोहोचवण्यासाठी रक्तवाहिन्यांचे जाळे लागते. महाधमनीला फाटे फुटतात, त्या फाट्यांना आणखी फाटे फुटतात आणि शेवटी केशवाहिन्या येतात. वनस्पतींतही खोडापासून पानाच्या देठापर्यंत अशीच रचना असते.

या जाळ्याविषयी त्यांनी तीन गोष्टी गृहीत धरल्या. पहिली, जाळे शरीराचा सगळा अवकाश व्यापते. कोणतीही पेशी उपाशी राहत नाही. दुसरी, जाळ्याची शेवटची टोके सर्व प्राण्यांत जवळपास सारखी असतात; देवमाशाची केशवाहिनी उंदराच्या केशवाहिनीहून फारशी मोठी नसते. तिसरी, उत्क्रांतीच्या ओघात हे जाळे कमीत कमी ऊर्जेत रक्त फिरवण्यासाठी घडत गेले आहे. या तीन गृहीतकांवरून गणित केले की घातांक तीन-चतुर्थांश येतो. तीन मितींचे शरीर भरून टाकणारे, पुन्हापुन्हा फाटे फुटणारे जाळे आणखी एक मिती असल्यासारखे वागते आणि ही जादा मिती छेदात चार होऊन दिसते.

या मांडणीतून काळाविषयीही निष्कर्ष निघाले. वजन दहा हजारपट झाले की हृदयाची गती सुमारे एक-दशांश होते आणि आयुष्य सुमारे दसपट. उंदराचे हृदय मिनिटाला सुमारे सहाशे ठोके देते, गाईबैलांचे साठ ते ऐंशी. गती आणि आयुष्य यांचा गुणाकार केला की सस्तन प्राण्यांच्या वाट्याला आयुष्यभरात सरासरीने एक ते दीड अब्ज ठोके येतात. माणूस अपवाद आहे. मिनिटाला सत्तर ठोके आणि सत्तर वर्षांचे आयुष्य धरले तर अडीच अब्जांहून अधिक ठोके भरतात. स्वच्छ पाणी, लसी आणि औषधे यांनी ही जादा वर्षे दिली आहेत.

२००१ साली याच तिघांनी शरीराची वाढ का थांबते हे दाखवले. पेशींची संख्या दुप्पट झाली की त्यांच्या देखभालीची गरज दुप्पट होते. पुरवठा मात्र पाऊण घाताने, म्हणजे सुमारे १.७ पट वाढतो. काही काळाने सारा पुरवठा देखभालीतच खर्च होतो, नव्या पेशींसाठी काही उरत नाही आणि वाढ थांबते.

४. शहरांचे आकडे

जाळे तर शहरालाही असते. रस्ते, जलवाहिन्या, विजेच्या तारा असा त्याचा पसारा असतो. मग शहर हा एक प्रचंड प्राणीच समजावा काय? वेस्ट, लुईस बेटेनकोर आणि त्यांचे सहकारी यांनी अमेरिका, चीन, जर्मनी आदी देशांतील शहरांची आकडेवारी तपासली आणि २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. शहरातील बाबींचे त्यांत तीन गट पडले.

पहिला गट रेषीय. घरांची संख्या, नोकऱ्यांची संख्या, घरगुती पाण्याचा वापर यांचा घातांक १ च्या जवळ आला. या गोष्टी माणसामागे ठरलेल्या असतात. येथे दरडोईचा हिशेब चालतो.

दुसरा गट अल्परेषीय, म्हणजे ज्याचा घातांक १ पेक्षा कमी. अमेरिकेतील पेट्रोलपंपांचा घातांक ०.७७, जर्मनीतील रस्त्यांच्या क्षेत्रफळाचा ०.८३ आणि विजेच्या तारांच्या लांबीचा ०.८७ आला. सरासरी ०.८५ धरली तर लोकसंख्या दुप्पट झाल्यावर हा पसारा दुप्पट नव्हे, तर सुमारे १.८ पट होतो. इथवर शहर प्राण्यासारखेच आहे.

तिसरा गट अतिरेषीय, म्हणजे ज्याचा घातांक १ पेक्षा अधिक. अमेरिकेतील शहरांत एकूण वेतनाचा घातांक १.१२, नव्या पेटंटांचा १.२७, गंभीर गुन्ह्यांचा १.१६ आणि एड्सच्या नव्या रुग्णांचा १.२३ निघाला. सरासरी १.१५ धरली तर लोकसंख्या दुप्पट झाल्यावर या गोष्टी सुमारे २.२ पट होतात. लोकसंख्या दसपट झाली तर सुमारे १४ पट. प्राण्यांच्या जगात याला तोड नाही. शहर हे केवळ नळ आणि रस्ते नसून माणसांच्या परस्पर संपर्काचेही जाळे आहे आणि संपर्क माणसांच्या संख्येपेक्षा वेगाने वाढतात, असे त्याचे कारण दिले जाते. २०१३ साली बेटेनकोर यांनी या कल्पनेला गणिती रूप देऊन ५/६ आणि ७/६ हे घातांक काढून दाखवले.

तिसऱ्या गटातील बाबी पुन्हा वाचून पाहाव्यात. वेतन आणि शोध यांच्याच पंक्तीला गुन्हे आणि रोग बसले आहेत. माणसे अधिक भेटतात म्हणून विचार पसरतात आणि त्याच कारणाने संसर्गही पसरतो. मोठ्या शहराचे फायदे तेवढे घ्यावेत आणि तोटे टाकावेत अशी निवड या नियमात आपोआप मिळत नाही. तोट्यांसाठी वेगळी तजवीज करावी लागते आणि तीही लोकसंख्येपेक्षा अधिक वेगाने.

दुसरा परिणाम वाढीचा. प्राण्याचा पुरवठा गरजेच्या मागे पडतो म्हणून त्याची वाढ थांबते. शहरात उत्पादन लोकसंख्येपेक्षा वेगाने वाढत असल्याने वाढ स्वतःहून थांबत नाही. गणित पुढे नेले तर मर्यादित काळातच अमर्याद साधने लागतील असा प्रसंग येतो. नवे शोध लागले की तो प्रसंग पुढे ढकलला जातो. पण प्रत्येक वेळी पुढचा शोध आधीपेक्षा लवकर लागावा लागतो. माणसाच्या शरीराला सुमारे १०० वॉट पुरतात, तर वेस्ट यांच्या हिशेबाने अमेरिकी नागरिकाच्या साऱ्या राहणीमानाला सुमारे ११,००० वॉट लागतात. हा वेग किती काळ पेलेल, हा त्यांच्या पुस्तकातील सर्वांत गंभीर प्रश्न आहे.

५. आक्षेप

हे सारे सर्वमान्य झाले आहे असे समजू नये. २००१ साली डॉड्स, रॉथमन आणि वाइट्झ यांनी जुन्या आकडेवारीची फेरतपासणी करून, दोन-तृतीयांश घातांक नाकारण्याइतका पुरावा नाही असे दाखवले. २००३ साली व्हाइट आणि सेमूर यांनी सस्तन प्राण्यांसाठी दोन-तृतीयांशच योग्य ठरवला. २०१० साली लघुगणकी आलेखावरील रेषा सरळ नसून किंचित वक्र असल्याचे दिसून आले. त्याच वर्षी आणखी एका अभ्यासात जीवाणूंमध्ये घातांक १ हून अधिक, एकपेशीय प्राण्यांमध्ये सुमारे १ आणि बहुपेशीय प्राण्यांमध्ये १ हून कमी असे चित्र पुढे आले. म्हणजे ‘पाऊण’ हा आकडा सगळ्या जीवसृष्टीला सारखा लागू नाही.

शहरांबाबतचा आक्षेप अधिक मूलभूत आहे : शहर म्हणजे नेमके काय? २०१५ साली इंग्लंड आणि वेल्समधील शहरांच्या अभ्यासात सीमा बदलल्या की घातांकही बदलतात आणि अनेक बाबींत अतिरेषीय वाढ दिसतच नाही, असे आढळले. नियम वेस्ट मांडतात तितका सार्वत्रिक नसेलही. पण दरडोईचा सरळ भागाकार आपोआप बरोबर ठरतो, असे यातल्या कोणत्याही टीकाकाराने म्हटलेले नाही. वाद घातांक किती याचा आहे. तो तपासूनच पाहावा लागतो, एवढे दोन्ही पक्षांना मान्य आहे.

६. आपल्या शहरांसाठी उपयोग

समजा, एका राज्यात ५ लाख आणि ५० लाख वस्तीची दोन शहरे आहेत. मोठ्याचे दरडोई उत्पन्न लहानाच्या १.३ पट आहे. दरडोईच्या हिशेबाने लहान शहर मागासलेले ठरते. पण घातांक १.१५ धरला तर लोकसंख्या दसपट असताना दरडोई उत्पन्न केवळ आकारामुळेच सुमारे १.४ पट असावयास हवे. मोठे शहर त्या अपेक्षेला उतरलेले नाही. आपल्या आकाराच्या मानाने लहान शहराचीच कामगिरी सरस आहे. म्हणून शहराची तुलना दुसऱ्या शहराशी न करता त्याच्या आकारावरून निघणाऱ्या अपेक्षेशी करावी, असे वेस्ट, बेटेनकोर आणि सहकाऱ्यांनी सुचवले. २०१० च्या अभ्यासात त्यांना असेही दिसले की अमेरिकी शहरांत हा अधिक-उणा फरक अनेक दशके टिकून राहतो. शहराचा स्वभाव दिसतो तो या फरकात. मात्र ही तुलना एकाच देशाच्या नगरव्यवस्थेत करावयाची असते. इंदूरची अपेक्षा अमेरिकेच्या आकड्यांवरून काढता येत नाही.

भारतासाठी असा प्रयत्न आनंद सहस्रनामन आणि बेटेनकोर यांनी २०१९ साली २०११ च्या जनगणनेच्या आधारे केला. बऱ्याच बाबी इतर देशांप्रमाणेच आढळल्या. गुन्हे आणि नवशोध यांत मात्र प्रदेशागणिक ठळक फरक दिसले. शहर पातळीवरील माहिती अपुरी आहे आणि कामकाजाच्या दृष्टीने एकसंध असलेल्या शहराची अधिकृत व्याख्या आपल्याकडे नाही, ही अडचणही त्यांनी नोंदवली. जनगणनेत किमान ५,००० वस्ती, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० लोक आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती व्यवसायात, हे निकष गाव आणि नगर वेगळे करतात. रोज कामाला येणारी माणसे ज्या हद्दीपलीकडून येतात ती हद्द त्यातून कळत नाही. बेळगाव, हैदराबाद किंवा वडोदरा यांपैकी कोणत्याही शहराचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने पहिले काम हेच करावे : शहर कोठे संपते ते आधी ठरवावे, मग आकडे जमवावेत. शाळा, दवाखाने, वाचनालये, रस्ते, नोंदवलेले गुन्हे यांचे राज्यभरातील नगरांचे आकडे लघुगणकी आलेखावर मांडले की प्रत्येकाचा घातांक रेषेच्या उतारावरून वाचता येतो. आपले शहर रेषेच्या वर आहे की खाली, हे त्यानंतर पाहावयाचे.

नगरपालिकेच्या आराखड्यात ‘दरडोई’ हा शब्द दिसला की तेथे कोणता घातांक गृहीत धरला आहे, असे विचारता आले पाहिजे. पिण्याच्या पाण्यासाठी १ हे उत्तर कदाचित योग्य असेल. रस्त्यांसाठी ते जास्त ठरेल आणि संसर्गाच्या रुग्णालयासाठी ते कमी पडेल.